नाडी पाहिल्यानंतरची वीस सेकंदं

आजारी माणसाच्या मनगटावर तीन बोटं टेकवून नाडी पाहायची. रुग्णालयात याहून निरुपद्रवी काम दुसरं कुठलं असणार? रक्त नाही, जखम नाही, सुई नाही. पण १९७७ साली इंग्लंडमध्ये केसवेल आणि फिलिप्स या दोन संशोधकांनी अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांचे हात अशाच साध्या कामांनंतर तपासले. कुणी रुग्णाची नाडी पाहिली होती, कुणी रक्तदाब मोजला होता, कुणी त्याला धरून उचललं होतं. तेवढ्यानंच हातांवर क्लेबसिएला नावाचे शंभर ते हजार जिवंत जंतू आले होते. हे जंतू हातावर अडीच तासांपर्यंत तग धरू शकतात, हेही त्यांना दिसलं. अडीच तासांत वॉर्डातली सिस्टर किती खाटांपाशी जाऊन येते, हे ज्यानं एक रात्र जरी रुग्णालयाच्या बाकावर काढली आहे त्याला सांगायला नको.

हात पाहिला तर स्वच्छ दिसतो. वास नाही, डाग नाही, चिकटपणा नाही. आणि आतड्यात गुपचूप राहणारा हाच क्लेबसिएला दुसऱ्या खाटेवरच्या अशक्त रुग्णाच्या फुप्फुसात किंवा रक्तात गेला, तर जीव घेऊ शकतो. आपल्याकडे त्याच्या कित्येक जाती आता भल्याभल्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत.

हात स्वच्छ करणं हा डॉक्टर, परिचारिका, वॉर्डातल्या मावशी आणि मामा या सगळ्यांचा पहिल्या दिवसाचा धडा. तो इतका साधा की ऐकणाऱ्याला वाटतं, यात शिकण्यासारखं काय आहे? मी जसजसं याविषयी वाचत गेलो तसतसं उलटंच वाटत गेलं. वैद्यकशास्त्रातली इतकी गुंतागुंतीची, इतकी चकित करणारी गोष्ट क्वचितच असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या शंभरांपैकी ७ जणांना, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना तिथे राहत असतानाच एखादा तरी नवा संसर्ग होतो. संसर्ग झालेल्या दहांपैकी सरासरी एक जण दगावतो. हात स्वच्छ ठेवणं आणि त्याच्या जोडीचे काही स्वस्त उपाय नीट पाळले, तर यातले ७० टक्के संसर्ग टळू शकतात. हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला.

या गोष्टीची सुरुवात व्हिएन्नात झाली. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात १८४०च्या दशकात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. दाखल होणारी बाई कुठल्या विभागात जाणार हे वारावर ठरायचं. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरामागे अकराहून जास्त बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तीनपेक्षाही कमी. इमारत एक, अन्न एक, हवा एक. शहरातल्या गोरगरीब बायकांना हा फरक चांगला ठाऊक होता. चुकीच्या वारी कळा सुरू झालेल्या बायका गुडघे टेकून, हात जोडून विनवायच्या, की मला त्या विभागात नका घेऊ. काहींचं बाळंतपण वाटेतच, रस्त्यात व्हायचं. आणि रस्त्यात बाळंत झालेल्या बायकांना बाळंतज्वर क्वचितच गाठायचा! डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या खाटेपेक्षा रस्ता सुरक्षित होता.

इग्नाझ सेमेलवेइस हा तिशीच्या आतला हंगेरियन डॉक्टर पहिल्या विभागात काम करत होता. त्यानं दोन्ही विभागांतले फरक एकेक करून तपासायला घेतले. दुसऱ्या विभागात बायका कुशीवर बाळंत व्हायच्या, तर पहिल्यातही तसं करून पाहिलं. मरणासन्न बाईला अखेरचा संस्कार द्यायला पाद्री घंटा वाजवत पहिल्या विभागातून जायचा; त्या घंटेच्या धसक्यानं बायका आजारी पडतात की काय, म्हणून त्याची वाट बदलली आणि घंटा बंद केली. काहीही फरक पडला नाही. त्याला आणखी एक गोष्ट खुपत होती. जिच्या कळा लांबायच्या ती पहिल्या विभागात जवळजवळ हमखास आजारी पडायची, आणि जिचं बाळंतपण अचानक, तपासणी होण्याआधीच उरकायचं ती वाचायची. आज हे वाचताना उत्तर समोर लख्ख दिसतं. जितके जास्त हात लागले तितका धोका जास्त. पण जंतू ही कल्पनाच ज्या काळात नव्हती, त्या काळात हे दिसणं किती अवघड होतं!

मार्च १८४७ मध्ये त्याचा ज्येष्ठ सहकारी याकोब कोलेच्का वारला. शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या हातातलं पातं कोलेच्काच्या बोटाला लागलं होतं. त्याच्या मृत्यूचा अहवाल सेमेलवेइसनं वाचला आणि तो थबकला. शरीरातल्या खुणा हुबेहूब बाळंतज्वराच्या होत्या, आणि हा तर पुरुष. मग बाळंतज्वराचं मूळ बाळंतपणात नव्हतंच. पहिल्या विभागातले डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला यायचे. सुईणी शवविच्छेदन करत नसत.

मे महिन्याच्या मध्यापासून त्यानं क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय कुणीही आत यायचं नाही असा नियम केला. हे रसायन का निवडलं? साबणानं धुतल्यावरही हातांना प्रेताचा वास राहायचा, आणि तो या पाण्यानं जायचा म्हणून. नाकावर भरवसा ठेवून केलेली निवड, पण अचूक ठरली. एप्रिलमध्ये १८.३ टक्के असलेला मृत्युदर जूनमध्ये २.२ टक्क्यांवर आला आणि जुलैत १.२ वर.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. मला तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाची एक बाई दाखल झाली. तिच्या जखमेतून स्राव येत होता. तिची खाट पहिली होती, म्हणून राऊंड तिच्यापासूनच सुरू व्हायचा. दारातून येताना सगळ्यांनी नियमाप्रमाणे हात धुतले होते. पण तिला तपासून झाल्यावर मात्र साध्या साबणानं हात धुऊन ते पुढच्या खाटांकडे वळले. त्या वेळी बाळंत होत असलेल्या बारा बायकांपैकी अकरा जणी दगावल्या.

बारांतल्या अकरा. सेमेलवेइसला तेव्हा उमगलं की विष फक्त प्रेताकडून येत नाही, जिवंत माणसाकडून जिवंत माणसाकडेही जातं, आणि दारात एकदा धुतलेला हात आत शिरल्यावर पहिल्याच खाटेपाशी पुन्हा अस्वच्छ होतो. त्यानं नियम बदलला: प्रत्येक तपासणीनंतर हात धुवायचे. आजच्या रुग्णालयांतलं हातांच्या स्वच्छतेचं सगळं शास्त्र या एका बदलात बीजरूपानं आहे. त्याचं म्हणणं त्याच्या काळातल्या बहुतेक बड्या डॉक्टरांनी मानलं नाही. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात, चिघळलेल्या जखमेनं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. बाळंतज्वराचे जंतू लुई पाश्चरनं पॅरिसमध्ये फळ्यावर काढून दाखवले, तेव्हा १८७९ साल उजाडलं होतं.

त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं प्रत्येक डॉक्टरला, प्रत्येक परिचारिकेला हे शिकवलं गेलं. तरीही १९९४ साली स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते या डॉक्टरच्या गटानं वॉर्डांत बसून मोजलं, तेव्हा हात स्वच्छ करायला हवेत अशा शंभर प्रसंगांपैकी ४८ प्रसंगीच ते केले जात होते. जगातल्या अत्यंत श्रीमंत, अत्यंत शिस्तीच्या देशातलं हे रुग्णालय! कुणीही म्हणेल, हलगर्जी आहेत लोक. पण पितेच्या गटानं आणखी बारकाईनं पाहिलं, तर जिथे काम सर्वांत जास्त आणि रुग्ण सर्वांत गंभीर, तिथेच हात सर्वांत कमी धुतले जात होते.

मग हिशेब मांडला. अतिदक्षता विभागात परिचारिकेवर तासाभरात हात धुण्याची वेळ वीसहून जास्त वेळा येते. बेसिनपर्यंत जायचं, साबण लावायचा, चोळायचं, धुवायचं, पुसायचं, परत यायचं. एका खेपेला मिनिट, दीड मिनिट. नियम तंतोतंत पाळायचा तर तासातला जवळपास अर्धा वेळ बेसिनपाशी गेला, आणि रुग्णाकडे पाहणार कोण? नियम मोडला जात होता तो माणसं वाईट होती म्हणून नव्हे. तो पाळणं शक्यच नव्हतं. मला हा सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर शोध वाटतो. शंभर वर्षं ज्याला आपण माणसाचा दोष समजत होतो, तो खाट आणि बेसिन यांच्यातल्या अंतराचा दोष होता.

उपाय असा: हात बेसिनपर्यंत न्यायचे नाहीत, स्वच्छता खाटेपर्यंत आणायची. प्रत्येक खाटेशी आणि प्रत्येकाच्या खिशात अल्कोहोलच्या द्रावाची लहानशी बाटली. वीस-तीस सेकंदं चोळलं की झालं, पाणी नको की पंचा नको. चालता चालता, रुग्णाशी बोलता बोलता होतं. तीन वर्षांत शंभरातले ४८ प्रसंग ६६ वर गेले. त्याच सुमारास रुग्णालयात संसर्ग झालेल्यांचं प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर उतरलं. सन २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास छापून आला. त्यात एक नोंद आहे, ती डॉक्टरमंडळींनी वाचावी अशी: सुधारणा झाली ती परिचारिका आणि त्यांच्या मदतनिसांमध्ये, डॉक्टर होते तिथेच राहिले.

हात कसे स्वच्छ करायचे हे कळलं. केव्हा करायचे, हा खरा अवघड प्रश्न. पिते आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचं उत्तर पाच क्षणांत बसवलं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं ते जगभर नेलं. आज आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या भिंतीवर पाच आकड्यांचं ते चित्र दिसेल: खाटेवर रुग्ण, शेजारी परिचारिका आणि भोवती एक तुटक रेष. ती तुटक रेष नीट पाहा. तिच्या आत रुग्ण, त्याची खाट, चादर, कठडा, सलाईनचा स्टँड, मॉनिटर, कपाटावरचा पाण्याचा तांब्या. हा सगळा एका माणसाच्या जंतूंचा मुलूख. रेषेबाहेर बाकीचं जग: दाराची मूठ, फाईल, ट्रॉली, टेबलावरचा फोन, शेजारची खाट. निरोगी त्वचेतूनही दिवसाला सुमारे दहा लाख सूक्ष्म पापुद्रे जिवंत जंतूंसकट गळतात, म्हणून त्या मुलुखातली प्रत्येक वस्तू त्या माणसाच्याच जंतूंनी माखलेली असते.

आता एका खाटेपाशी पाच-दहा मिनिटं उभं राहू. सिस्टर फाईल ठेवून रेषेच्या आत येताहेत. बाटली दाबली, हात चोळले: पहिला क्षण, रुग्णाला स्पर्श करण्याआधी. बाहेरच्या जगाचे जंतू आत येऊ नयेत म्हणून. त्यांनी नाडी पाहिली, उशी सरळ केली, "आजी, झोप लागली का?" म्हणून विचारलं. आता हातावरच्या कॅन्युलातून इंजेक्शन द्यायचं आहे. तर त्या पुन्हा बाटलीकडे वळतात. का बरं? मधे दुसऱ्या कुणाला हातही लावलेला नाही. हात आजींनाच लागले, इंजेक्शनही आजींनाच.

या दुसऱ्या क्षणापाशी मी कितीतरी वेळ अडलो होतो. उत्तर असं आहे की आजींचे स्वतःचेच जंतू आजींचा घात करू शकतात. त्वचेवर आयुष्यभर बिनबोभाट राहणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस कॅन्युलाच्या तोंडातून रक्तात शिरला की प्लॅस्टिकच्या नळीवर थर करून बसतो आणि ताप आणतो. आतड्यात असताना कामाला येणारा ई. कोलाय लघवीच्या नळीतून मूत्राशयात गेला की दुखणं होतो. जंतू तोच, जागा बदलली. सुई, नळी, ड्रेसिंग म्हणजे शरीराची बंद दारं आपण आपल्या हातानं उघडणं, आणि दार उघडण्याआधी हात स्वच्छ हवा, मग तो नुकताच कुणालाही लागलेला असो.

इंजेक्शन झालं. सिस्टरांनी हातमोजे चढवून लघवीची पिशवी रिकामी केली, मोजे काढले आणि परत बाटली: तिसरा क्षण. पुढे चादर नीट करून, आजींच्या खांद्यावर हात ठेवून त्या निघाल्या, रेष ओलांडताना हात चोळले: चौथा. दोन पावलं गेल्या तोच शेजारच्या खाटेचा पंप वाजायला लागला. त्यांनी जाऊन नुसतं बटण दाबलं, रुग्णाला स्पर्शही केला नाही. तरीही बाटली दाबायचीच, कारण बटणही त्या माणसाच्या मुलुखातलं. हा पाचवा क्षण, आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा. पहिले दोन क्षण रुग्णाला वाचवतात. उरलेले तीन स्वतः सिस्टरांना आणि वॉर्डातल्या बाकी सगळ्यांना. स्टॅफिलोकॉकस ऑरियस कोरड्या पृष्ठभागावर महिनोन्‌महिने जगू शकतो, हे कळल्यावर त्या बटणाकडे बघण्याची नजरच बदलते.

बाटलीत काय असतं, तेही बघण्यासारखं आहे. अल्कोहोल जंतूभोवतीचं स्निग्ध आवरण फोडतं आणि आतली प्रथिनं गोठवतं. अंड्याचा पांढरा भाग उकळत्या पाण्यात घट्ट होतो ना, तसंच काहीसं. आता कुणाला वाटेल, अल्कोहोल जितकं शुद्ध तितकं जालीम. तसं नाही. प्रथिनांची घडी मोडायला पाणी लागतं, म्हणून शंभर टक्के अल्कोहोलपेक्षा साठ ते ऐंशी टक्क्यांचं मिश्रण जास्त चांगलं काम करतं. अर्धा मिनिट साध्या साबणानं धुतलं तर हातावर सोडलेल्या जंतूंपैकी साठांत एक ते सहाशेत एक उरतो. अर्धा मिनिट अल्कोहोल चोळलं तर तीन हजारांत एक. हात दिसायला मळलेला असेल, रक्त किंवा घाण लागली असेल तर मात्र साबण-पाणीच हवं. काही जुलाबांचे जंतू कठीण कवचाचे बीजाणू करून राहतात, त्यांच्यावरही अल्कोहोल चालत नाही. तिथे चोळून, पाण्यानं वाहून घालवावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेची कृती दहा लिटरसाठी अशी: ९६ टक्के इथेनॉल ८,३३३ मिलिलिटर, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर, ग्लिसरीन १४५ मिलिलिटर आणि उरलेलं उकळून थंड केलेलं पाणी. ग्लिसरीन कातडीसाठी, कारण दिवसातून शंभरदा चोळून हात फुटले तर पुढची बाटली कोण वापरेल? आणि हायड्रोजन पेरॉक्साइड? ते हातांसाठी नाहीच. बाटलीत आधीपासून बसलेले बीजाणू मारायला ते असतं. म्हणूनच द्राव भरल्यावर बाटल्या ७२ तास तशाच ठेवायच्या आणि मगच वापरायला काढायच्या. कुणीतरी बाटलीच्या स्वच्छतेचाही विचार करून ठेवला आहे, हे वाचून माझा ऊर भरून आला. हा घरी करून पाहायचा प्रकार मात्र नाही. इतकं तीव्र अल्कोहोल भडकन पेटतं; ते औषधनिर्मात्याचं काम.

पिते आणि मंडळींनी या कृतीचं पेटंट घेतलं नाही. ती जागतिक आरोग्य संघटनेमार्फत सगळ्यांसाठी खुली केली, म्हणजे जिथे अल्कोहोल बनतं तिथे द्रावही बनावा. याचा प्रत्यय महाराष्ट्राला २०२०च्या वसंतात आला. करोनाच्या पहिल्या महिन्यांत सॅनिटायझरचा दुष्काळ पडला तेव्हा साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांना सॅनिटायझर बनवायची परवानगी मिळाली, आणि उसाच्या मळीपासून निघालेलं अल्कोहोल बाटल्यांत भरून दवाखान्यांत जाऊ लागलं. जिनिव्हातल्या अतिदक्षता विभागातला हिशेब आणि आपल्या साखर कारखान्यांतली मळी यांची अशी गाठ पडेल असं कुणाला वाटलं असतं?

चोळणं हीसुद्धा एक कला आहे. आपल्याकडच्या प्रशिक्षणात ‘सुमन-के’ हा मंत्र घोकवतात: सुलटा हात, उलटा हात, मूठ, अंगठा, नखं आणि कलाई म्हणजे मनगट. प्रशिक्षक कधी कधी द्रावात अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळतात. सगळ्यांनी हात चोळून दिव्याखाली धरले की द्राव पोचला तिथे उजेड आणि सुटला तिथे काळोख. काळोख बहुतेक वेळा ठरलेल्या जागी असतो: अंगठा आणि बोटांची टोकं. म्हणजे ज्या बोटांनी नाडी पाहायची, सुई धरायची, नेमकी तीच. उजव्या हाताचा माणूस डाव्या हातापेक्षा उजवाच कमी चोळतो, कारण चोळणारा हात डावा! अंगठ्यात अंगठी असो की बोटात, तिच्याखाली द्राव पोचत नाही. नखं अर्ध्या सेंटिमीटरहून लांब नकोत, मनगटावर घड्याळ नको, बांगड्या नकोत. लग्नानंतरचा हिरवा चुडा ड्युटीवर जाताना उतरवावा लागणाऱ्या मुलींना हे सोपं नसतं, आणि घरच्यांनी त्यांच्या पाठीशी उभं राहायला हवं.

हातमोज्यांविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. मोजे घातले की हात स्वच्छ, असं पुष्कळांना वाटतं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९-९०च्या सुमारास शल्यविशारद हॉलस्टेडनं रबरी मोजे मागवले ते रुग्णासाठी नव्हेत. शस्त्रक्रियेत मदत करणाऱ्या कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात जंतुनाशकानं सोलवटत होते, तिच्यासाठी मागवले. पुढे दोघांचं लग्न झालं. मोज्यांना डोळ्यांना न दिसणारी भोकं असू शकतात, काढताना जंतू मनगटावर लागतात, आणि एकच जोडी घालून चार रुग्ण हाताळले तर जंतूंना आपण वाहनच दिलं. मोजे घालण्याआधी हात स्वच्छ, काढल्यावर पुन्हा स्वच्छ. यात पळवाट नाही.

माणसाच्या मनाविषयी याच कामातून एक विलक्षण गोष्ट कळली. २०११ साली अ‍ॅडम ग्रँट आणि डेव्हिड हॉफमन यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयात साबण आणि जेलच्या डब्यांवर वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. एका पाटीचा आशय होता, हात स्वच्छ ठेवले तर तुम्हाला आजार होणार नाहीत. दुसरीवर फक्त ‘तुम्हाला’च्या जागी ‘रुग्णांना’ असं होतं. पहिल्या पाटीचा परिणाम शून्य. दुसरीखालच्या डब्यांतून सुमारे एक तृतीयांश जास्त साबण आणि जेल वापरलं गेलं. रोज आजाऱ्यांत वावरणाऱ्याला स्वतःचं काही होत नाही असं वाटू लागतं; पण समोरच्याची काळजी शाबूत असते. या पेशातल्या माणसांविषयी आदर वाटायला एवढा एक प्रयोग पुरे.

आणि जिथे रुग्णालयच नाही तिथे? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत हे काम झालं आणि तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात जंतुसंसर्ग ओळखणं, इंजेक्शन देणं, बाळाला ऊब देणं असं बरंच काही होतं, श्रेय एकट्या हात धुण्याचं नाही. पण आज त्याच धर्तीवर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाते, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ४२ दिवसांत सहा वेळा, तेव्हा बाळाला झोळीत घालून वजन करण्याआधी, काखेत थर्मामीटर लावण्याआधी ती पाणी आणि साबण मागते. घरातल्या म्हाताऱ्या बाईनं न सांगता तांब्या पुढे करावा, इतकं हे आता काही गावांत रुळलं आहे.

आपल्याकडे रुग्णाची अर्धी सेवा नातेवाईकच करतात. भरवणं, कूस बदलणं, पुसून काढणं. म्हणजे ती तुटक रेष आपणही दिवसातून पन्नासदा ओलांडतो, आणि शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना पाणी द्यायला जाताना तर हमखास. पुढच्या वेळी कुणाला भेटायला गेलात तर कठड्याला हात लावण्याआधी बाटली शोधा, आणि निघताना पुन्हा वापरा. तपासायला आलेल्या डॉक्टरांना "हात स्वच्छ केलेत ना?" असं विचारायला कचरू नका, हे विचारणं उद्धटपणा नाही, आणि चांगले डॉक्टर त्याचा राग मानत नाहीत. खाटेशी बाटली नसेल किंवा रिकामी असेल, तर सिस्टरांवर डाफरू नका. ती भरून ठेवणं व्यवस्थापनाचं काम आहे. तक्रार तिकडे करा, लेखी करा, आणि बाटली येईपर्यंत करत राहा.